मासळीबाजार : वर्णनातला भाव आणि बाजारातला भाव

मराठी भाषेने ‘भाव’ या एका शब्दात दोन अर्थ एकत्र नांदविले आहेत. अंतःकरणात उमटतो तोही भाव आणि बाजारात ठरतो तोही भावच. व्यवहारात हे दोन अर्थ एकमेकांस चांगले ओळखतात; ललित वाङ्मयात मात्र त्यांची गाठ क्वचितच पडते. मासळीबाजारावर आपल्याकडे जे लेखन होत आले आहे ते वाचताना ही ताटातूट विशेष जाणवते. त्यात पहिल्या अर्थाचा भाव ओसंडून वाहत असतो आणि दुसऱ्या अर्थाचा भाव औषधालाही सापडत नाही. ही उणीव किरकोळ नाही असे मला वाटते, आणि तेवढेच प्रतिपादन करण्याचा या लेखाचा हेतू आहे.

या लेखनाचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारचा लेखक नाकाला रुमाल लावून बाजारात शिरतो. चिखल, माश्या, गलका आणि दुर्गंधी यांची यादी देऊन तो बाहेर पडतो, आणि आपण किती नाजूक प्रकृतीचे गृहस्थ आहोत एवढेच वाचकास कळवितो. दुसऱ्या प्रकारचा लेखक पहाटेच्या कोवळ्या उन्हात उभा राहतो. त्याला मासळीच्या राशींत चांदी दिसते, कोळिणीच्या लुगड्यात इंद्रधनुष्य दिसते आणि तिच्या हाकाटीत संगीत ऐकू येते. पहिल्यास बाजार मुळीच सोसत नाही, दुसऱ्यास तो फार आवडतो. परंतु दोघांत एक साम्य असते. दोघांनीही काही विकत घेतलेले नसते.

येथे कोणा लेखकाचे नाव घेण्याचे कारण नाही. कारण या खटल्यातील पहिला आरोपी मीच आहे. कायद्याचे शिक्षण घेत असताना मी मुंबईस जाऊन ससून गोदीचा बाजार पाहिला होता आणि त्यावर महाविद्यालयाच्या वार्षिकांकात एक निबंध लिहिला होता. गेल्या वर्षी जुने कागद चाळताना तो हाती लागला. त्यात चांदी होती, इंद्रधनुष्य होते, ‘सागराचे अक्षय्य दान’ होते. माशांची नावे मोजून तीन होती. वास कोठेही नव्हता आणि एकाही माशाची किंमत नव्हती. स्वतःचे जुने लेखन वाचून मनुष्य बहुधा हसतो. मला मात्र थोडी लाज वाटली.

आपल्या पुराणकथांत या दोषाचे मूळ सापडते असे कोणी म्हणेल. आदिपर्वातील सत्यवती ही दाशराजाच्या घरी वाढलेली, यमुनेवर नाव वल्हविणारी मुलगी. तिच्या अंगाला माशांचा वास येई म्हणून ती मत्स्यगंधा. पराशर ऋषींनी वर दिला आणि तीच योजनगंधा झाली. तिचा सुगंध योजनभर दरवळू लागला. या कथेने पुढच्या कलावंतांना भुरळ घातली यात नवल नाही. वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ हे नाटक १९६४ साली गोवा हिंदु असोसिएशनने रंगभूमीवर आणले, आणि मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी त्यास दिलेल्या संगीताने दोन पिढ्यांचे कान तृप्त केले. शांता शेळके यांची कोळीगीते, त्यांना हृदयनाथ मंगेशकरांनी दिलेल्या चाली, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे स्वर, हेही आपल्या घरोघर पोचले आहे. नाटकाचे आणि गीताचे प्रयोजन वेगळे असते. तेथे वास नाही म्हणून तक्रार करणे हे सतारीला मीठ नाही म्हणण्यासारखे होईल. माझी तक्रार गद्यलेखकाविषयी आहे. तो स्वतः बाजारात जातो, डोळ्यांनी पाहून आल्याचे सांगतो, आणि तरीही पराशराचे काम करू लागतो. ऋषीपाशी तपःसामर्थ्य होते. आपल्यापाशी केवळ विशेषणे आहेत. विशेषणांनी वास जात नाही, वस्तू मात्र जाते.

माझ्या व्यवसायातील एक दाखला येथे उपयोगी पडेल. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील साठावे कलम असे सांगे की, तोंडी साक्ष नेहमी प्रत्यक्ष असावी. गोष्ट पाहण्याजोगी असेल तर ती पाहणाऱ्याने सांगावी, ऐकण्याजोगी असेल तर ऐकणाऱ्याने सांगावी, आणि अन्य इंद्रियाने जाणण्याजोगी असेल तर ज्याने त्या इंद्रियाने ती जाणली त्याने सांगावी. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा नव्या भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. हा नियम मात्र कायम राहिला. कायद्यास नाकाची, जिभेची आणि बोटांची साक्ष चालते. आमच्या ललित गद्याने मात्र डोळा हा एकच साक्षीदार तपासला आणि बाकीचे न तपासताच निकाल दिला.

हा निकाल पुन्हा तपासावा अशा विचाराने मी गेल्या पौषात मुंबईस गेलो. माझे राहणे हैदराबादेस, विद्यानगरात. आमच्यापासून समुद्र दूर. जवळ आहे तो रामनगरचा मासळीबाजार. तेथे पाण्याने भरलेल्या घमेल्यांत जिवंत मरळ विकावयास असते. तेलंगणाने आपला राज्यमासा म्हणून मान दिलेला हा गोड्या पाण्यातील मासा. समुद्राचा मासा आमच्याकडे येतो तो बर्फात निजून. त्यामुळे ज्याच्या घराण्याची मुळे गोव्यात आहेत अशा माणसास हैदराबादेत किनाऱ्याची आठवण ही नेहमीच थोडी शिळी मिळते. आमच्या शहरातून मुंबईस जाणाऱ्या एका गाडीचे नावही तळ्यावरून पडले आहे, हुसेनसागर एक्सप्रेस. दुपारी निघालेली ही गाडी पहाटे मुंबईस पोचविते. सामान स्थानकावर ठेवून मी थेट कुलाब्यास गेलो.

ससून घराण्याने समुद्र हटवून बांधलेली ही गोदी १८७५ साली सुरू झाली. ती बांधली होती कापसाच्या व्यापारासाठी. पुढे ती मासळीची झाली. पहाटेच्या अंधारात दिव्यांखाली तेथे जे चाललेले असते ते वरवर पाहता केवळ गोंधळ वाटते. न्यायालयात वकिलांचा गलका वाढला की ‘हा काही मासळीबाजार नव्हे’ असे ऐकविण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्या दिवशी तासभर उभा राहिल्यावर मला वाटले की ही उपमा बाजारावर अन्याय करणारी आहे. नौकेतून टोपल्या वर येतात, जातवार ढीग लागतात, बोली पुकारली जाते, दोन-चार आवाज एकमेकांवर चढतात आणि एका क्षणी थांबतात. कोणी लिहून घेत नाही, कोणी हातोडा आपटत नाही. पण माल कोणाचा झाला याविषयी तेथल्या एकाही माणसास शंका नसते. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या चौसष्टाव्या कलमात लिलाव कधी पुरा होतो हे सांगितले आहे : हातोडा पडला म्हणजे, अथवा रूढीने ठरलेल्या अन्य रीतीने. ‘अन्य रीत’ या दोन शब्दांचा अर्थ मी पुस्तकात अनेकदा वाचला होता. तो डोळ्यांसमोर घडताना प्रथमच पाहिला. आणि तोपर्यंत बोली मागे घेता येते, हेही त्या बायांस कोणी शिकवावे लागत नव्हते.

बायाच अधिक होत्या. लिलावात माल घेऊन शहरभरच्या बाजारांत बसणाऱ्या कोळिणी होत्या, कोलंबी सोलीत ओळीने बसलेल्या मजूर स्त्रिया होत्या, बर्फ फोडणारे आणि हातगाड्या ओढणारे पुरुष होते. करंदी, मांदेली, बोंबील, बांगडे, सुरमई, घोळ, शिंगाळे, माकूळ. बाजूला जाळ्यातून निघालेला बारीक कचरा मासा, ज्याचे नाव विचारले तर कोणी सांगेना. वास होता, आणि तो एक नव्हता. ओल्या दोरांचा, डिझेलचा, बर्फाच्या पाण्याचा, ताज्या मासळीचा आणि शिळ्या मासळीचा, असे निरनिराळे वास होते. ताज्या मासळीला समुद्राचा वास येतो. ज्यास आपण मासळीचा वास म्हणतो तो पुष्कळदा उशिराचा वास असतो. नाकाला रुमाल लावणाऱ्यास हा फरक कधीच कळावयाचा नाही.

अशा विचारांत मी एका वाट्यापुढे उभा होतो. वही माझ्या हातात होती. वाट्यामागच्या वृद्ध कोळिणीने माझ्याकडे पाहिले, वहीकडे पाहिले आणि विचारले, “भाऊ, घ्यायचंय की नुसतं बघायचंय?”

प्रश्नात राग नव्हता. तिला भवानी व्हावयाची होती आणि माझ्यामागे दोन गिऱ्हाइके खोळंबली होती. परंतु मासळीबाजारावरील आमच्या समग्र ललित वाङ्मयावर इतकी नेमकी टीका मी अन्यत्र वाचलेली नाही. आम्ही आजवर नुसते बघितले. जागा अडवून बघितले.

मी वही खिशात घातली आणि मासा निवडला. लांबट, रुंद पात्यासारखा, लखलखीत रुपेरी; ओळीत तोच सर्वांत सुंदर दिसत होता. तिने दोहोंचे आठशे सांगितले, मी पाचशे म्हटले, ती माझ्याकडे न पाहता दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागली, आणि अखेर साडेसहाशेस सौदा झाला. त्या दोन मिनिटांत मला जितके दिसले तितके आधीच्या तासाभरात दिसले नव्हते. कल्ला उचलून आतला लाल रंग पाहिला. बोटाने अंग दाबले. खळगा पडतो की भरून येतो हे पाहिले. तिच्या तळहाताच्या चिरा पाहिल्या, कारण पैसे त्याच हातावर ठेवावयाचे होते. रक्कम माझी असल्यामुळे डोळा माझा झाला.

गिरगावात माझी मावशी राहते. वय ऐंशीच्या पुढे, बोलणे आजही कोंकणीतच. तिच्यापुढे मी मोठ्या अभिमानाने पिशवी ठेवली. तिने मासा उजेडाकडे नेला, कल्ल्यात बोट घातले, पोटावरून अंगठा फिरविला आणि निकाल सांगितला : “पुता, नुस्तें बरें आसा, पूण कांटे कोण काडटलो?” तो मासा कर्ली होता. चव उत्तम, परंतु अंगभर केसासारखे बारीक काटे. मी बाजारात जाऊनही डोळ्यानेच खरेदी केली होती आणि चकाकीस भुललो होतो. दोष कोळिणीचा नव्हता, माशाचाही नव्हता. मावशीने सुरीने अंगावर जवळजवळ चिरा दिल्या, तिरफळे घालून हुमण केले, आणि जेवताना माझ्या पानातले काटे आपल्या थरथरत्या बोटांनी वेचून दिले.

टीकाकाराची अनेक लक्षणे ग्रंथांतून सांगितली आहेत. त्या दुपारी मला वाटले की मावशीइतकी खरी समीक्षा आपण वाङ्मयाची क्वचितच करतो. ती वस्तूस हात लावते. तिची किंमत विचारते. गुण मान्य करून दोष सांगते. आणि सांगून झाल्यावर काटे काढावयास स्वतः बसते; कारण त्या निकालावर चार माणसांचे जेवण अवलंबून असते. ज्याच्या निकालावर काहीच अवलंबून नाही तो रसिक असेल, परंतु त्याचा शब्द बाजारात चालणार नाही.

मग वर्णनात सौंदर्य येऊच नये काय? असे मी म्हणत नाही. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची ‘चेम्मीन’ ही मलयाळम कादंबरी १९५६ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्यात प्रेम आहे, समुद्र आहे, श्रद्धा आहे. पण त्या साऱ्याच्या बुडाशी एक व्यवहार आहे. नाव आणि जाळे घेण्यासाठी चेम्बनकुंजू परीकुट्टीकडून पैसे घेतो, मासळी त्यालाच देण्याचे कबूल करतो, आणि नाव हाती आल्यावर शब्द फिरवितो. करुत्तम्माचे दुःख त्या मोडलेल्या शब्दाशी जखडलेले आहे. तेथे भावना आणि किंमत हे दोन्ही भाव एकाच जाळ्यात सापडतात, आणि म्हणूनच ती कादंबरी किनाऱ्याबाहेरच्या वाचकांनाही खरी वाटली. आमच्या गद्यात जे नाही ते हे.

जगात सध्या वारा उलटा वाहतो आहे. तोकियोचा त्सुकिजी येथील मासळीबाजार १९३५ साली सुरू झाला. त्याचा घाऊक भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसू येथील नव्या इमारतीत गेला. तेथे प्रवाशांसाठी काचेमागची सज्जे आहेत. पर्यटक वरून पाहतो, खाली व्यापार चालतो. स्वच्छतेच्या आणि कामाच्या दृष्टीने ही सोय रास्त आहे. गर्दी करणाऱ्या प्रवाशांचा व्यापाऱ्यांस उपद्रव होत होता हेही खरे. परंतु आमचे वर्णनपर गद्य त्या काचेमागे पूर्वीपासूनच उभे आहे, कोणी काच बसविली नसताना. ससून गोदीतही २०१७ च्या अखेरीस स्टार्ट इंडिया फाउंडेशनने कलाप्रदर्शन भरविले होते. ज्या मुंबईकरांनी गोदीचे दार कधी पाहिले नव्हते ते त्या निमित्ताने आत आले, ही त्या उपक्रमाची मोठी जमेची बाजू. तेथे काम करणाऱ्या माणसांची मोठी छायाचित्रे भिंतींवर लागली, हाही एक मानच. एवढेच विचारावेसे वाटते की चित्रे पाहून परतणाऱ्यांपैकी किती हातांत पिशवी होती?

यावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येक प्रवासी मासळी घेऊ शकत नाही. कोणी शाकाहारी असतो, कोणाचा सोमवार असतो, कोणी धर्मशाळेत उतरलेला असतो. हे मान्य. खरेदी हा माझ्या म्हणण्याचा आत्मा नाही. देणेघेणे हा आहे. न घेणाऱ्यानेही भाव विचारावा, माशाचे नाव विचारावे, पहाटे दोनला उठून आलेल्या बाईस घरी परतावयास किती वाजतात हे विचारावे, आणि गिऱ्हाइकाची वाट सोडून उभे राहावे. एवढे केले तरी वर्णन निराळे होईल.

आणि ते निराळे होणे आज निकडीचे आहे. ‘सागराचे अक्षय्य दान’ हे शब्द मी तरुणपणी लिहिले. ते दान अक्षय्य नाही. पावसाळ्यात जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांस मासेमारी बंद असते, ती माशांची वीण टिकावी म्हणूनही. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला, आणि त्याच वर्षी पापलेटसह ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्यास योग्य असे किमान आकारमान ठरविले, कारण लहान पिलेच जाळ्यात येऊ लागली होती. ज्याने भाव विचारला त्याला हे कळते : पापलेट लहान का झाले, महाग का झाले, आणि त्या महागाईतला किती वाटा कोळिणीच्या ओटीत पडतो. ज्याने चांदी पाहिली त्याला पिलेही चांदीचीच दिसतात.

आपल्या वाचकांस हे सांगण्यास मला आणखी एक कारण आहे. शल्यपर्वात सारस्वत मुनींची कथा आहे. बारा वर्षांचे अवर्षण पडले, तेव्हा सारे ऋषी अन्नासाठी दाही दिशांस भटकू लागले. सारस्वतही निघणार, तोच सरस्वतीने त्यास सांगितले की तू जाऊ नकोस, मी तुला नित्य मासे देईन. तो तीरावर राहिला, त्या आहारावर जगला आणि वेद जतन करीत राहिला. पाऊस पडल्यावर भटकून आलेल्या ऋषींच्या ध्यानात आले की आपण वेद विसरलो. मग साठ सहस्र मुनी त्या तरुणाचे शिष्य झाले. या कथेचा उपयोग आपण बहुधा आपल्या आहाराच्या समर्थनार्थ करतो. मला तिचा अर्थ अधिक कठोर वाटतो. जो केवळ भटकला तो विसरला. ज्याने तीराचे अन्न घेतले आणि तीराचे ऋण मानले त्याच्यापाशी विद्या राहिली. आपण मासे खातो खरे. परंतु ज्या हातांतून ते येतात त्यांस ओळखत नसू, तर त्या कथेतील तीरावरच्या मुनीशी आपले नाते कोणते? माझ्या मुलीस बांगडा आणि पापलेट यांपलीकडे नावे ठाऊक नाहीत. पेडवे, शेवटो, मुड्डोशी, लेपो, हे शब्द मावशीबरोबर जातील. भाषा आधी पुस्तकातून जात नाही. ती बाजाराच्या पिशवीतून जाते.

हैदराबादेस परतल्यावर पुढच्या रविवारी मी मुलीस घेऊन रामनगरच्या बाजारात गेलो. तिथली विक्रेती तेलुगू बोलते. घमेल्यातील मरळ तिने उचलून दाखविली. मुलीने आधी नाक मुरडले, मग विचारले, “हिचा भाव काय?” मी जुना निबंध पुन्हा लिहावयास घेतला आहे. पहिले वाक्य झाले आहे : कर्ली, दोन, साडेसहाशे रुपये.